आप्पांनी दाखवलेला पाणवठा

मित्रांनो, डोकं शांत व्हायच्या आत लिहितोय.

आज कंपनीला सुट्टी म्हणून आप्पांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर, मेंढरं घेऊन माळावर गेलो होतो. तिथं मागं शहरातल्या साहेबांनी जंगल रिसॉर्ट बांधायला घेतलं आन् अर्धवट सोडून दिलं. ‘निसर्गाच्या कुशीत या’ ही पाटी मात्र अजून शाबूत.

आमचं एक कोकरू तिथल्या कोरड्या स्विमिंग पूलमध्ये पडलं. सरळ भिंती, वर येता येईना. मी उतरून त्याला वर दिलं. आत कोपऱ्यात हरणाचा सांगाडा होता.

"आप्पा, हा स्विमिंग पूल त्यांनी नेमका इथंच कसा खणला हो?"

"जागा मीच दावली," आप्पा कोकराचे पाय चाचपत म्हणाले. "सायबांनी इचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठं टिकतं? आपला पाणवठा हितंच होता. पाणी इचारणाऱ्याला आपुन न्हाई म्हणत न्हाई."

साहेब कवाच गेले. हरणं जुन्या सवयीनं अजून येतात.

तुम्हाला कोणी विचारलं तर दाखवाल पाणी? मी नाही दाखवणार. आप्पा उद्यासुद्धा दाखवतील. आन् मला राग नेमका कोणाचा येतोय, तेच कळेना.