तेल लावलेलं डोकं
खोबरेल तेलाचा वास आला की महाडच्या त्या दवाखान्यातली खोली आठवते. पेंढ्याची उडवी रचताना बाबा खाली पडले, मेंदूला मार बसला आणि उजवा हात आखडला. मूठ कायमची मिटलेली. बोलणंही एखाद्या शब्दापुरतं उरलं होतं. मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारा यांत्रिक पंजा त्या दिवशी त्यांच्या हातावर चढवून बघायचा होता. जमलं तरच पुढचे उपचार होणार होते. डोक्यावर तारांची टोपी बसवली, पण पडद्यावर धड काही उमटेना. तपासणाऱ्या मॅडमनी टोपी उचलली, बोटं चोळली. "तेल कोणी लावलं?" चार माणसांत कोरड्या डोक्याने कसं जायचं, म्हणून आमच्या कापडे गावाहून निघताना आईनेच भरपूर तेल जिरवलं होतं. तिचा चेहरा पडला. मोरीत नेऊन तिनेच त्यांचं डोकं खसाखसा धुतलं. पुन्हा टोपी. "काका, मूठ उघडायचं मनात आणा." बऱ्याच वेळाने पंजा करकरला आणि बोटं हळूहळू सुटली. आईने न राहवून आपला हात त्या तळव्यात ठेवला. "आता मिटा." बोटं मिटली. "आता उघडा." पंजा ढिम्म. मॅडम घाबरून तारा तपासू लागल्या. "अवो, सोडा ना, अडाकला माजा हात," आई रडकुंडीला आली. बाबा तोंडाच्या एका कोपऱ्याने हसले. "नाय सोडत." पुढचे उपचार झाले. आता त्या हाताने ते स्वतः तेल लावू शकतात; तरी सकाळी वाटी घेऊन आईपुढेच बसतात.