रिकाम्या हातानं खोली बदलायची नाही

बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत कुणाचं घर फार विस्कटलेलं दिसलं, की जुनी माणसं अजून माझं नाव काढतात. "त्यांच्याकडून शिका, अख्खी गल्ली सुधारली त्यांनी!" हे साफ खोटं आहे. ती सवय माझ्या बायकोची. श्रेय मी घेतलं आणि वर्षानुवर्षं मिरवलं. आम्ही दोघंही आहोत तोवर तिचं तिला परत मिळावं, म्हणून तोंडी सांगून झाल्यावर आता लेखी देतो आहे.

लग्न होऊन ती गंगापूरकडच्या शेतकरी घरातून आली. तिकडं घरात खंडीभर माणसं. इकडं दोन खोल्या आणि मी एकटा, पण पसारा खंडीभर माणसांचा. कॉटवर कपड्यांचा डोंगर, रेडिओवर बनियन वाळत घातलेलं. पहिल्याच आठवड्यात तिनं कायदा केला. एका खोलीतून दुसरीत जाताना हात रिकामा नको. तिकडची एखादी वस्तू इकडं पडलेली असतेच, तेवढी घेऊन जायची. आवरायला म्हणून वेगळं बसायचं नाही.

"अगं, मी नुसता पाणी प्यायला चाललोय."

"मग तांब्या काय आपल्या पायानं येणारंय व्हय? घ्या तो. ती वाटीबी घ्या."

"आणि न्यायला काहीच नसलं तर?"

"तुम्ही ऱ्हाता त्या घरात? तसं झालं तर सांगा, गल्लीत पेढे वाटते."

बघता बघता घर लख्ख झालं आणि माझा हात बिघडला. उठलो की तो आपोआप काहीतरी उचलायचा. एके दिवशी कामावर निघालो, कंपनीच्या बसमध्ये बसलो, आणि शेजारचा माझ्या हाताकडं बघायला लागला. हातात लाटणं होतं.

"काय भाऊ, हत्यार हिसकावून पळून आलात का?" मागून कुणीतरी ओरडलं. कंपनी येईपर्यंत बस हसत होती.

लपवावं कुठं? खिशात मावेना. गेटवरच आमचे साहेब उभे. त्यांनी विचारलं, हे काय? लाज वाचवायला मी छाती काढून म्हणालो, "साहेब, रिकाम्या हातानं कुठं जायचं नाही, असा माझा नियम आहे. त्यानं आवरायला वेगळा वेळ लागत नाही."

'माझा' हा शब्द तिथंच निसटला. साहेबांना नियम इतका आवडला की त्यांनी तो आमच्या खात्यात लागू केला. स्टोअरला जाणाऱ्यानं जाताना पडलेला पाना, रिकामा डबा, काहीतरी न्यायचंच. खातं चकाचक. वार्षिक समारंभात मला हार आणि मिक्सर मिळाला. घरी सांगितलं, कामावर खूश होऊन दिला. बायको इतकी हरखली की त्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी करून तिनं शेजारच्या भाभींना वाडगाभर दिली.

मग एका रविवारी साहेब चहाला आले. भाभीही आमच्याकडंच होत्या. साहेब हात धुवायला उठले, तसं बायकोनं बोलता बोलता त्यांच्या हातात कपबशा दिल्या.

"क्या बाई, मेहमानां के हाथ में भी कपां देते?" भाभींनी तोंडाला पदर लावला.

साहेब मात्र खूश. "व्वा वहिनी! म्हणजे यांनी घरीसुद्धा हा नियम लावला! याच नियमावर मिक्सर दिला आम्ही!"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो, तर सगळं मिटलं असतं.

"व्हय," ती म्हणाली, "लई शिस्तीचं माणूस."

पुढं बरेच दिवस मी काही बोलायला तोंड उघडलं, की ती मिक्सर सुरू करायची. घरात इतकी चटणी झाली की भाभींनी घेणं बंद केलं. मग ती विसरली, निदान तसं दाखवलं. भाभींनी नियम उचलला, गल्लीत पसरला, आणि गल्लीनं तो माझ्या नावावर ठेवला.

गेल्या महिन्यात ज्येष्ठांच्या मेळाव्यात मला 'टापटीप घर' या विषयावर बोलायला बोलावलं. उभा राहिलो. समोर बायकांच्या रांगेत ती बसलेली. तयार केलेलं भाषण खिशातच ठेवलं. लाटण्यापासून मिक्सरपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, "हिला बोलवा."

"मला भाषण येत नाय," म्हणत ती वर आली आणि मग थांबेचना.

"गल्लीला शिकवायचं माझ्या मनातबी नव्हतं," ती म्हणाली. "या एका माणसाला शिकवायचं होतं. गल्ली शिकली, कंपनी शिकली. हे ऱ्हायले!"

बायका खुर्च्यांवरून पडायच्या बेतात. भाभींनी तर शिट्टीच वाजवली, या वयात. मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यातलं किती हसण्याचं, ते नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी दारात गल्लीतल्या तीन-चार सुना उभ्या. मी सवयीनं सदरा नीट केला. "या, या. विचारा काय विचारायचं ते."

"आजोबा, आजी आहेत का?"

या नियमाबद्दल विचारायला आलेल्यांपैकी कुणी आजवर तिला बोलावलं नव्हतं. मी आत जाऊन सांगितलं. तिनं हात पुसले, केस सारखे केले, पदर नीट घेतला.

"बसवा त्यांना," ती म्हणाली. "आन् चहा तुम्ही टाका. आम्हाला वेळ लागंल."