आत्याच्या परसात बैल

आमच्या घराण्यात नांगर धरणारा पहिला माणूस मी, आणि शेवटचाही मीच.

बाकी सगळे धारूरच्या बाजारात भुसाराचं दुकान चालवणारे. धान्य मापायचं, पेरायचं नाही, असा आमचा तीन पिढ्यांचा शिरस्ता. मलाही तो मोडावा असं कधी वाटलं नसतं. पण एकदा काही कामानं तहसिलीतल्या पेशकारसाहेबांच्या घरी गेलो आणि घात झाला. साहेब हैदराबादचे. घरामागे पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर दोडक्याचा मांडव, पायाशी पुदिना. त्यांनी मला एक पेरू कापून दिला आणि म्हणाले, "मियाँ, जमीन खाली नक्को रखो." म्हणजे रिकामी ठेवू नका. एवढंच. त्या पेरूत काय होतं कोण जाणे, घरी पोचेपर्यंत मी माणसांत राहिलो नव्हतो.

आमच्याही घरामागे परस होतं. म्हणजे आहे असं ऐकून होतो. आघाडा, तरोटा, घाणेरी आणि एरंड यांनी ते इतकं भरलं होतं, की पलीकडची भिंत मी लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. त्या रानात रोज सकाळी एकच माणूस शिरायचं, ती माझी आत्या. तरुणपणीच नवरा गेला, पदरात एक लेक घेऊन ती माहेरी आली, आणि पुढे माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती पदर खोचून गवतात दिसेनाशी व्हायची आणि ओटीत काहीबाही घेऊन बाहेर यायची. देवाला फुलं असतील, असं मी समजत असे. (आमच्या देवाच्या डोक्यावर फूल मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ताटात पालेभाजी मात्र रोज असायची. पण भुसारवाल्यानं भाजीचा विचार कशाला करावा?)

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे. तुरीच्या पोत्याला टेकलो की डोळे मिटायचे आणि परस दिसू लागायचं. भिंतीवर लाल भोपळ्याचा वेल चढलेला, वाफ्यांत कोथिंबीर, मांडवाला लटकलेली पडवळं वाऱ्यानं हळूहळू हलताहेत. मधोमध पेरूखाली बाज, बाजेवर मी. आत्या ओटी भरून भेंडी तोडते आहे आणि अधूनमधून माझ्याकडे कौतुकानं बघते आहे. किती शांत वाटायचं! त्या बागेत काम कोण करतं, हे मात्र मला स्वप्नात कधीच दिसलं नाही.

त्या वर्षी आत्याच्या ऋषिपंचमीच्या व्रताचं सातवं वर्ष होतं. भाद्रपदात उद्यापन करायचं आणि आळीतल्या सात बायकांना आपल्या परसातलं जेवू घालायचं, हे तिनं केव्हाच बोलून ठेवलं होतं. तिनं जन्मात स्वतःसाठी मागितलेली मला आठवते ती हीच एक गोष्ट. पण ज्येष्ठात धर्मापुरीहून लेकीचा निरोप आला. लेकीच्या मांडीवर तान्हं मूल, आणि सासू पाय मोडून अंथरुणाला खिळलेली. आत्याला जावं लागलं. जाताना गाडीत बसून म्हणाली, "पंचमीच्या आधी येते. तवर माज्या परसाकडं ध्यान ठेव."

मी ध्यान ठेवलं. इतकं ध्यान त्या परसाकडे आजवर कुणी ठेवलं नसेल. सात बायका आत्याच्या पंक्तीला येणार आणि मागे हे असं गचपण? ती परत येईल तेव्हा माझ्या स्वप्नातलीच बाग तिच्यापुढे उभी करायची, असं मी ठरवलं. पहिल्या दिवशी सगळं रान कापून जाळलं. दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली. दुपारपर्यंत तळहातांना फोड आले (स्वप्नात फोड नव्हते) आणि मी थेट बापूकडे गेलो. बापू माझा शाळेतला सोबती, गावाबाहेर त्याची शेती, आणि दावणीला दोन बैल: चांद्या आणि पांढऱ्या.

अडचण एकच होती. परसाला मागून वाट नव्हती. वाट होती ती पुढच्या दारातून, ओसरीवरून, माजघरातून आणि स्वैपाकघरातून.

माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. बायको परळीची. सासरी काय काय सोसावं लागेल याची तिनं मनाशी तयारी केली असेल, पण चुलीपुढून बैल जाईल हे तिला माहेरी कुणी सांगितलं नसावं. "आत्याबाईंला इचारलं का?" तिनं भिंतीला चिकटून विचारलं. मी म्हणालो, त्यांना धक्का द्यायचाय. (तो बसला. ते पुढे येईलच.) चांद्या सरळ गेला. पांढऱ्या मात्र पाहुण्यासारखा रेंगाळला. माजघरात थांबून त्यानं देव्हारा न्याहाळला, स्वैपाकघरात परातीतलं मळलेलं पीठ संपवलं आणि परसाच्या दारात पोटाशी अडकला. पुढून बापू ओढतोय, मागून मी ढकलतोय, आणि पुढच्या दारात सगळी आळी गोळा झालेली. शेजारच्या काशीकाकू हात हलवून मला काहीतरी सांगत होत्या. पण बैलाच्या शेपटीशी ज्याचं तोंड आहे, त्याला जगाचं फारसं ऐकू येत नाही.

मग मी नांगर धरला. मातीतले तास वाकडे गेले, पण गेले. मोरीजवळच्या कोपऱ्याशी आलो आणि पांढऱ्या खाली बसला. शेपटी पिरगाळली. शिव्या दिल्या. गूळ दाखवला. गूळ त्यानं खाल्ला, उठला नाही. शेवटी बापू म्हणाला, "ऱ्हाऊ दे बे. बैल न्हाई म्हनतो तितं मानसानं आईकावं." तेवढा कोपरा तसाच सोडून दिला, आणि तो डोळ्यांना खुपू नये म्हणून पुढे तुराट्यांचा कूड उभा केला.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार गोड. भेंडी कमरेला आली, दोडका मांडवावर चढला. पेरूचं रोप वीतभर होतं, तरी मी त्याच्या सावलीत बाज टाकली. सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथं पडलो, की डोंगरावरून ढग सावकाश येताना दिसायचे आणि जाग आणि झोप यांच्यातली भिंतच कुणी काढून टाकल्यासारखं वाटायचं. आत्या आता येईल, दारात थबकेल, काय म्हणेल, याचा विचार करण्यात माझे तास जात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या आली. दारात थबकली. बराच वेळ बघत राहिली.

"लई झ्याक केलंस रं," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "एवढं समदं कुदळीनं खांदलंस?"

"कुदळीनं कावून?" मी छाती काढून म्हणालो, "बैल लावले, आत्या. दोन!"

आत्या उंबऱ्यावर बसली.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. नांगरटीतला दाणा नाही, पाला नाही. आपोआप उगवलेलं, किंवा माणसानं हातानं खणून लावलेलं, तेवढंच चालतं. (दरवर्षी त्या दिवशी आमच्याकडे बायका ज्वारी का घेत नाहीत, याचं मला नवल वाटायचं. मी समजायचो, मंदी आहे.) आमच्या परसात आत्याच्या आज्यापासून बैलाचा खूर पडला नव्हता. म्हणून पंचमीला, मी दुकानात असताना, सगळी आळी ओट्या भरून भाजी न्यायला तिथंच यायची. आणि मी जे रान म्हणून जाळलं, त्यातच सगळ्या भाज्या होत्या.

मी वाद घातला. पांढऱ्यानं कष्ट असे केलेच नाहीत, उलट आमचंच पीठ खाल्लं, असंही म्हणून पाहिलं. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आळीनं बघितलंय रं. पुढल्या साली करू. जगले तर."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी माझं अन्नपाणी तुटलं. पुढचे तीन दिवस दोडक्याचा मांडव दिसला, की मला त्याच्याखाली तोंड लपवावंसं वाटे.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी बायको भांडी घासून आली आणि आत्याला म्हणाली, "कुडामागं बघितलं का? पांढऱ्या बसला हुता तितं? तितं नांगर न्हाई लागला."

आम्ही कूड ओढून काढला. मागे तांदुळजा, घोळ, कुरडू, कोवळा आघाडा, सगळं दाटीवाटीनं उगवलं होतं. मोरीच्या ओलीनं अळू कमरेएवढं झालं होतं. आणि खरकट्यातून पडलेल्या बियांचा लाल भोपळा भिंतीवर चढला होता, अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखा. आत्यानं वाकून माती दाबून पाहिली. ती घट्ट होती. मग ती हसू लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली. मीही पुसले.

दुसऱ्या दिवशी सात बायका जेवल्या आणि भोपळ्याची भाजी पुन्हा मागून घेतली. जेवणं झाल्यावर आत्यानं एक भरलं ताट पांढऱ्याला पाठवलं. मला वाढायला जरा उशीरच झाला.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. कोपरा सोडून सगळं परस, फोड येऊ देत की काही होऊ दे, स्वतःच्या हातानं कुदळीनं खणलं. पंचमीला बायका ओट्या पसरून आल्या आणि माझ्या भेंडीपाशी थबकल्या. काशीकाकूंनी विचारलं, "आत्याबाई, हे चालतंय का?"

आत्यानं वाफ्यांकडे पाहिलं. मग बाजेवर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"ह्यानं खांदलंय," ती म्हणाली. "म्हंजी बैलाचंच झालं. तुमी कोपऱ्यातलंच घ्या."