फुकट ऐका, फुकट न्या

माझ्या दाजींचं गाणं मी चोरलं, आणि ते गाण्यांच्या चोरीविरुद्धच्या सभेत वाजवायला चोरलं.

आमची चार टाळक्यांची संघटना आहे. नाशिकमधल्या छोट्या कलाकारांच्या हक्कांसाठी आम्ही भांडतो आणि पत्रकं मी लिहिते. 'फुकट गाणं म्हणजे कलाकाराच्या ताटातून उचललेला घास!' हे वाक्य माझंच. (ते पत्रक ज्या सॉफ्टवेअरवर जुळवलं, ते विकत घेतलेलं आहे का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं, एवढं मला कळतं.)

दाजी म्हणजे ताईचा नवरा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतात. त्यांनी हळदीचं एक गाणं लिहिलं, चाल लावली, स्वतः गायलं आणि गाणी ऐकायच्या ॲपवर टाकलं. मग रोज चहाच्या आधी ते किती जणांनी ऐकलं हे बघायचे.

"किती झाले, दाजी?"

"मी, तुझी ताई आणि बहारीनमधला एक जण. तो बहुतेक चुकून."

ही घोर अन्यायाची केस हातात असताना मी गप्प बसणार? येवल्याच्या चौकसभेत मी दाजींचं गाणं वाजवायचं ठरवलं. पण एसटीनं विंचूर सोडलं आणि रेंज गेली. गाणं आधीच उतरवून ठेवायला हवं होतं, पण ॲप त्याचे पैसे मागत होतं. संघर्षाच्या कामाला पैसे? येवल्यात उतरल्यावर रेंज आली, पण ऐन सभेत पुन्हा जाईल या भीतीनं शोधलं, तर 'सूरदारी डॉट इन' नावाच्या एका साइटवर गाणं सापडलं. मी भयंकर चिडले. दाजींचं गाणं इथंही? केवढा हा दरोडा! आणि चिडता चिडता डाऊनलोड केलं.

त्यात एकच खोट होती. पहिलं कडवं संपून वाद्यं जरा थांबतात, नेमकी तिथं एक बाई नाकातून म्हणायची, "सूरदारी डॉट इन, फुकट ऐका, फुकट न्या." सभेत मी ती बाई यायच्या आधीच गाणं बंद केलं आणि पुढं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या.

प्रकरण इथंच मिटलं असतं. पण आत्याच्या प्रीतीची हळद जवळ आली.

"स्नेहल, दाजींचं गाणं पाठव गं. आम्ही सगळ्या बायका बसवतोय."

"आत्या, ते ॲपवर ऐकायचं असतं. म्हणजे कलाकाराला..."

"नाही जमत बाई मला. मध्येच बनियनची जाहिरात लागते. हळदीच्या गाण्यात बनियन?"

आत्याचा मुद्दा बिनतोड होता. मी घरच्या ग्रुपवर गाणं टाकलं. घरातल्या घरात कसली आलीय चोरी! घरच्या ग्रुपवरून ते महिला मंडळात गेलं, तिथून भिशीत, भिशीतून देवळाली गावात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. थोडं होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी दाजी जिन्यात भेटले.

"मेहुणीबाई, उद्या शेवटचं वाजवतो. मग की-बोर्ड विकतोय. गिऱ्हाईक आलंय."

"आणि मग?"

"भावाच्या मोबाईलच्या दुकानात बसायचं. लोकांना नाही आवडलं गाणं. त्या ॲपवरचा आकडा काय माझा दुश्मन आहे का?"

मी त्यांना बड्या कंपन्यांच्या नफेखोरीवर जिन्यातच व्याख्यान दिलं. ते बिचारे हातात दुधाची पिशवी धरून ऐकत राहिले. ग्रुपचा विषय मी काढला नाही. तो मला दोन पायऱ्या उतरल्यावर आठवला आणि पुन्हा वर चढायला माझे पाय तयार होईनात.

हळद आमच्या नाशिक रोडच्या समाजमंदिरात होती. मी पत्रकांचा गठ्ठा नेला होता. बायकांनी ती आनंदानं घेतली आणि हळदीचे हात पुसले. मग मी माईक घेतला.

"ज्यांनी ज्यांनी दाजींचं गाणं फुकट मिळवलं असेल, त्यांनी आज स्वतःच्या मनाला विचारावं!"

सगळ्यात जोरात टाळ्या आत्यानं वाजवल्या.

बायका गायला उभ्या राहिल्या. दाजींनी सूर धरला आणि त्यांचा चेहराच बदलला. पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना गाणं पाठ होतं. दाजी जिथं श्वास घेतात, तिथंच सगळ्या श्वास घेत होत्या. पहिलं कडवं संपलं. वाद्यं थांबली. आणि समस्त महिला मंडळानं पिवळे हात वर करून, बरोब्बर नाकातून, एका सुरात म्हटलं,

"सून दारी थाटानं, फुकट ऐका, फुकट न्या!"

दाजींची बोटं हवेतच राहिली.

"आत्या, ही मधली ओळ कुणाची?"

"तुमचीच की. हुंड्यावरची. सून थाटानं न्या, पण फुकट न्या."

नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन आलेल्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "असं उघड म्हणायला छाती लागते हो, दाजी."

"मी नाही लिहिली."

"असं कसं? तुमच्या गाण्यातच आहे." आत्यानं मोबाईल काढला आणि माईकला लावला. नाकातली बाई आख्ख्या समाजमंदिरात घुमली. सूरदारी डॉट इन.

"कुठून आलं हे?" ताईनं विचारलं.

"हिनंच तर पाठवलं," आत्या कौतुकानं म्हणाली. "एवढी कामात असते, पण मागितल्याबरोबर दिलं हो पोरीनं."

माईक अजून माझ्याच हातात होता. तो कुठं ठेवावा, मला कळेना. सगळ्यांच्या हातात माझी पत्रकं, त्यावर घास, त्यावर कलाकाराचं ताट, त्यावर हळदीचे पंजे.

दाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच आत्याला म्हणाले, "म्हणजे हे सगळ्यांना येतं?"

"येतं म्हणजे? आमच्या भिशीत सगळ्यांची रिंगटोन आहे."

मग ते माझ्याकडे वळले. "मेहुणीबाई, मला वाटत होतं, गाणंच वाईट आहे."

एवढंच. मी आजवर लिहिलेली सगळी पत्रकं एकत्र केली, तरी कुणाच्या जिव्हारी एवढी लागणार नाहीत.

की-बोर्ड विकला गेला नाही. दाजींना हळदीची बोलावणीही यायला लागली. एकदा मी धीर करून म्हटलं, "बघा, एका अर्थी माझ्यामुळंच गाणं लोकांपर्यंत पोचलं."

ताई म्हणाली, "हे छाप की पत्रकात."

पण त्या ओळीशिवाय कुणी गाणं म्हणेनाच. शेवटी दाजींनी गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं, ओळीसकट, आणि खाली रीतसर लिहिलं, 'मधली ओळ : स्नेहल'. मी कलाकार झाले!

परवा ग्रुपवर कुणीतरी ते नवं गाणं टाकलं. त्यात ती ओळ दोनदा येते. एकदा आमच्या बायका म्हणतात आणि लगेच मागून सूरदारीवरची ती नाकातली बाई. माझी कलाकृती, आणि अशी राजरोस चोरी? मी तिथल्या तिथं निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. पण आधी गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ॲपवर मध्येच बनियन लागतं.