वर्षाचे वचन आणि बाबांचा खुबा

साठी उलटल्यावर लेखणी हाती धरणे हे धाडसच. त्यातून चारचौघांत प्रार्थना म्हणतानाही ज्याचा आवाज बसतो, अशा माणसाने! वाचकांनी क्षमा करावी. परंतु शास्त्रवचन वाचून दाखवून मी माझ्या वडिलांना जवळजवळ मोडले होते, हे कुठेतरी कबूल करणे भाग आहे.

आमच्या चर्चमध्ये नववर्षाच्या उपासनेनंतर प्रत्येकाने तबकातून एक कार्ड उचलायचे. त्यावरचे वचन ते त्याचे वर्षाचे वचन. बाबा नालवाडीच्या घरी पलंगावर होते. वय पंच्याऐंशी, खुब्याचे ऑपरेशन होऊन तीन आठवडे. वॉकरशिवाय पाऊल टाकायचे नाही, पुन्हा पडलात तर उभे राहणे कठीण, अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून त्यांचे कार्ड मी उचलले. निघाले काय? नवे बळ, गरुडाचे पंख, धावूनही न दमणे, चालूनही न थकणे! मी (निवृत्त शिक्षक, विवरणाची खोड जात नाही) त्यांना सविस्तर पटवून दिले, की हे खास तुमच्या पायासाठीच आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग रिकामा. वॉकर भिंतीशी, चपला गायब.

पत्नीला हाक मारली. मी तीस वर्षांनी धावलो. वाटेतल्या एकूणएक नालीत डोकावून पाहिले. दूधवाला म्हणाला, म्हातारबुवा भिंत धरत चौकाकडे गेले. चौकात तर ट्रक!

बाबा चहाच्या टपरीसमोर बाकावर होते. घामाघूम, पाय लटलट कापत होता. मला पाहताच ते जागा द्यायला उठू लागले.

"बाबा, हलू नका!" मागून आलेली पत्नी ओरडली.

"अवं, त्याले दम लागून राह्यला, त्याले बसू दे. उडणं-धावणं माह्यानं होत नाई. म्हटलं, चालून तं पाहू."

पत्नीने माझ्या खिशातले कार्ड काढले आणि प्रस्तावना समजून मी गाळलेला आरंभ वाचला. हे सारे बळ परमेश्वराची वाट पाहत थांबणाऱ्यांसाठी होते.

"थांबाचं होतं?" बाबा शांतपणे म्हणाले. "मंग तुले कायची घाई झालती, सुधाकर?"

एक्स-रेत बाबांचे हाड जागच्या जागी निघाले. डॉक्टरांनी आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगितली, ती मला.

आता आपणच सांगा, पुढच्या वर्षी बाबांचे कार्ड कोणी वाचावे?