आयनारनं न वाचलेली कादंबरी

आयनार रास्कचा जन्म व्हेस्टरहोल्म बेटावरचा. त्या बेटावर वारा दमत नाही, माणसं दमतात. बाप मासेमार, आजोबा मासेमार. पण आयनारला बोट लागायची. पहिल्याच खेपेला तो जाळ्यांवर ओकला, तेव्हा बाप म्हणाला, "याला शिकू दे." तो शिकला, शहरातल्या विद्यापीठात इतिहास शिकवू लागला आणि ज्या समुद्रानं त्याला जवळ केलं नाही, त्याचाच अभ्यास करत बसला. आपल्या बेटाचा खराखुरा इतिहास लिहायचा, एवढंच त्यानं आयुष्याकडून मागितलं. पुराव्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, असा नेम. त्यामुळे पुस्तक ओहोटीच्या पाण्यासारखं रेंगाळत राहिलं.

आणि विभागात, त्याच्या शेजारच्या खोलीत, बोडिल थोरसागर आली.

कोपनहेगनच्या दंतवैद्याची मुलगी. शिकवायची इतिहासच, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत कादंबऱ्या लिहायची. सुरुवातीला विभागातले सगळे तिची फिरकी घ्यायचे. "काय बोडिल, यंदा पुरावे गोळा केलेस की पात्रं?" तीही हसायची. एका उन्हाळ्यात तिला बेट दाखवायला आयनारच घेऊन गेला. तो बोटीचा कठडा धरून हिरवापिवळा होत होता आणि ही बाई शेजारी उभी राहून काळ्या पावावर खारवलेला हेरिंग मासा ठेवून मजेत खात होती. तू कुणाची, कुठली, असं समुद्रानं तिला विचारलंसुद्धा नाही. तिथंच आयनारच्या मनात पहिला काटा रुतला.

पुढं तिची कादंबरी आली. त्याच बेटावरच्या, जुन्या काळच्या एका खलाशाच्या बायकोची. घरोघर वाचली गेली. बोटी भरभरून माणसं बेट पाहायला जाऊ लागली. विभागाच्या रिवाजाप्रमाणे बोडिलनं स्वतःच सगळ्यांसाठी केक आणला, मेजावर छोटा झेंडा उभा केला. आयनारनं दोन तुकडे खाल्ले. केक चांगला होता, याचाही त्याला राग आला.

"वाचलीस?" तिनं विचारलं.

"मी घडलेलं वाचतो," तो म्हणाला. "घडावंसं वाटलेलं नाही."

त्या दिवसापासून त्यानं त्या पुस्तकाला हात लावला नाही. दुकानाच्या काचेत दिसलं तर तो रस्ता ओलांडायचा. पुढं बोडिलच्या आणखी कादंबऱ्या आल्या, प्राध्यापकपदही तिलाच मिळालं. तिचे शोधनिबंधही चोख असत, आणि हे तर त्याला सगळ्यात जास्त लागायचं.

केस पांढरे झाले तेव्हा कुठं त्याचं पुस्तक पुरं होत आलं. शेवटचं प्रकरण मात्र कोरडं होतं. मासे होते, बोटी होत्या, माणूस नव्हता. तेव्हा बेटावरच्या डोर्टे आत्यानं त्याला एक गोष्ट दिली. घरधनी समुद्रावर गेला की बेटावरच्या बायका त्याचा एका पायाचा लाकडी बूट उंबऱ्यावर ठेवत, टोक घराकडे करून. पायांना वाट आठवावी म्हणून. माणूस बुडाला तरी बूट फिरवत नसत. आळीतल्या आणखी म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. एवढ्या तोंडांनी सांगितलेलं, म्हणजे पुरावा पक्का. शेवटचं प्रकरण त्या बुटावर उभं राहिलं.

छापायला देण्याआधी त्यानं ते विभागात वाचून दाखवलं. त्याच्या व्याख्यानात नेहमी कुणीतरी खोकायचं. त्या दिवशी कुणी खोकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बोडिलकडे ताठ मानेनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. जळतेय, असं त्याला वाटलं, आणि फार बरं वाटलं.

बाहेर आल्यावर तिनं त्याला बाजूला घेतलं. "आयनार, तो बूट तुला कुठं मिळाला?"

"माझ्या आत्याकडं. का, पुढच्या कादंबरीत घालायचाय?"

"घालून झालाय रे," ती हळूच म्हणाली. "पहिल्यातच. तुमच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना सुचला होता मला."

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुस्तक विकत घेतलं, दुकानदाराच्या नजरेला नजर न देता, आणि बेटाकडे निघालेल्या बोटीत बसून उघडलं. बूट होता. टोक घराकडे. अंगणात बदकंही होती. पुस्तक तरी वाईट असायला हवं होतं, तेही नव्हतं! धक्का आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आज आपल्याला बोट लागली नाही.

आत्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. दारात तिच्या नवऱ्याचा, समुद्रात गेलेल्या पेडर काकाचा लाकडी बूट होता, टोक घराकडे.

"आत्या, हे तू त्या पुस्तकातून घेतलंस!"

"घेतलं असेल. मग?"

"मग खोटं आहे ते! तुझ्या आईनं कधी ठेवला होता बूट?"

आत्यानं सुरी खाली ठेवली. "माझी आई रिकाम्या हातांनी दारात उभी राहायची. पेडर बुडाला तेव्हा मीपण तशीच उभी होते. मग त्या बाईचं पुस्तक आलं. ठेवायला काहीतरी मिळालं, ठेवलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अरे गाढवा, तू तिच्या शेजारच्या खोलीत बसतोस! सगळ्या बेटानं वाचलं, तू वाचलं नसशील हे मला काय स्वप्न पडणार?"

तो तरातरा बाहेर पडला. पाय लागून बूट फिरला, टोक समुद्राकडे झालं. फाटकापर्यंत गेला, थांबला, पुटपुटत परत आला आणि वाकून बूट होता तसा ठेवला. आयुष्यभर तो या बेटाचा रिवाज शोधत होता, आणि जो त्याच्या हातानं पाळला गेला तो बोडिलचा निघाला.

त्यानं प्रकरण काढून टाकलं नाही. नव्यानं लिहिलं: रिवाज कसा जन्मतो, कुणाच्या डोक्यातून निघतो आणि कुणाच्या दारात जाऊन बसतो. आता एकही ओळ खोटी नव्हती. मग तो शेजारच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"तुझं नाव घालावं लागेल मला."

"कुठं?"

"तळटीपेत."

बोडिलनं चष्मा काढला. "म्हणजे वाचलीस! कशी वाटली?"

आयनार खिडकीबाहेर बघत राहिला.

"त्या काळी," तो म्हणाला, "आमच्या बेटावर बदकं नव्हती."