कबरीचं औषधपाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माझ्या आईलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? समोर ओळखीचं कुणी नको होतं, एवढंच असेल.

आधी कोंबडीचं सांगते. ते सांगायला सोपं आहे — आणि त्यात मी चांगली दिसते.

हर्सूलला आमच्या घरामागं आत्यांच्या पाच कोंबड्या आहेत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या गाव सोडून आमच्याकडं आल्या, त्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाय बांधलेल्या दोन कोंबड्या घेऊन. मी शाळेत विज्ञान शिकवते. सुरुवातीला मला त्या कोंबड्यांची कटकट वाटायची. मग ताजी अंडी मिळायला लागली आणि माझी कुरकुर थांबली.

कबरी त्यांतली सगळ्यांत लहान, नुकतीच अंड्यावर आलेली. दीड वर्षापूर्वी एका रविवारी सकाळी तिनं मोठं अंडं घातलं आणि त्यामागोमाग तिचं अंगच बाहेर आलं. लाल, ओलं, लिंबाएवढं. बाकीच्या कोंबड्या नेमक्या तिथंच टोचायला लागल्या. आत्यांनी तिला उचलून मांडीवर धरलं आणि मी मोबाइलवर बघत बघत सगळं केलं. कोमट पाण्यानं धुतलं. सूज उतरावी म्हणून साखरेचं पाणी लावलं, थोडा वेळ थांबले. मग बोटाला खोबरेल तेल लावून हलक्या हातानं ते आत सारलं. परत बाहेर आलं, परत सारलं. मला जराही किळस आली नाही. एवढं लक्षात ठेवा.

तेव्हाच, कोंबडीकडं बघत, आत्या हळूच म्हणाल्या, "लई दुखत असंल हिला. माझं बी असंच येतंय बाहेर."

मला नीट ऐकू आलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण आमच्या दोघींमध्ये अंतर होतं ते एका कोंबडीचं — ऐकू कसं येणार नाही? ऐकू आलं, आणि कळलंही. आत्या खुर्चीच्या कडेला का बसतात, शेजारणींबरोबर बाजाराला जायचं का टाळतात, जुन्या लुगड्याचे तुकडे आडोशाला का वाळत घालतात — सगळं एकदम कळलं. वर्गात फळ्यावर गर्भाशयाची आकृती मीच तर काढते. आणि त्याआधी महिनाभर मी ह्यांच्या कानाशी लागले होते, की आत्यांच्या खोलीला वास येतो, त्यांना आता स्वच्छतेचं भान राहिलं नाही.

मी म्हणाले, "गेलं बघा आत. आता हिला डालग्याखाली अंधारात ठेवू."

आत्यांनी कबरीला माझ्या हातात दिलं आणि त्या हात धुवायला गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

काय वाटलं होतं मला? खरं सांगू — किळस. कोंबडीची आली नव्हती ती. आणि भीती, की आता दवाखान्याच्या खेपा, रजा, त्यांचं सगळं मलाच करावं लागणार. पुढचे चार दिवस मी कबरीला सकाळ-संध्याकाळ तेल लावलं, तिच्याखालचं पोतं रोज बदललं. शाळेतून मधल्या सुट्टीत फोन करून तिची खबर घेतली. फोन आत्याच उचलायच्या. कबरी कशी आहे, एवढं विचारून मी ठेवून द्यायचे.

गेल्या पावसाळ्यात नणंद शहागंजहून चार दिवस राहायला आली. मोरीतून बाहेर येताना आईला भिंत धरून कळवळताना तिनं पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाहेर आलेलं अंग कपड्याला घासून घासून जखम झाली आहे, पण बरी होईल. औषध दिलं, आणि जखम भरल्यावर पुढच्या खेपेला, अंग पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून, आत एक रिंग बसवली. बाहेर आमचा चहा पिऊन होईपर्यंत त्यांचं काम झालं होतं.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या खेपेचं. डॉक्टरबाईंनी आत्यांना विचारलं, इतके दिवस घरात कुणाजवळ बोलला का नाहीत? नणंदेनं माझ्याकडं पाहिलं. सहजच पाहिलं असेल. मला कुणी जाब विचारला नव्हता, मी गप्प बसू शकले असते. आणि मी — मी आत्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आत्या, मला तरी सांगायचं."

आत्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "नाय सांगितलं कुणाला. लाज वाटली. चुकलं माझं."

येताना रिक्षात नणंदेनं माझा हात हातात घेतला. तू आहेस म्हणून आईचं बरं चाललंय, म्हणाली. मी हात काढून घेतला नाही.

आत्या आता खुर्चीत नीट टेकून बसतात, शेजारणींबरोबर बाजाराला जातात. कबरी अंडी देते. घरी कुणी आलं की आत्या त्या रविवारची गोष्ट सांगतात, साखरेच्या पाण्यासकट, मनापासून. "माझ्या सुनेच्या हाताला गुण हाय," म्हणतात. त्यात टोमणा आहे का, हे मी कितीदा कान देऊन ऐकलं आहे. नाही. मधलं एक वाक्य तेवढं त्या गाळतात, आणि मी शेजारी उभी राहून ते गाळू देते.